एकशे वीसची पाटी

वेगमर्यादेची नव्वदची पाटी काढायला दोघं आले होते. एकशे वीसची लावायला सात जण आले. सोबत क्रेन आली आणि मागून दोन ट्रक भरून काँक्रीटचे कठडे आले. लामदुआन बांधावर उकिडवी बसून हे सगळं बघत होती. तिच्या मागं कापलेल्या खाचरात अकराशे बदकं चिखलात चोची खुपसून गळलेलं भात शोधत होती.

कठडे रस्त्याच्या मधोमध बसायला लागले तशी ती उठली. तिथं दुभाजकात गाड्या वळायला एक मोकळं तोंड होतं. तिचा नवरा प्रासोप वीस वर्षं त्याच तोंडातून बदकं या अंगाहून त्या अंगाला नेत आला होता. एकीकडची कापणी संपली की दुसरीकडची लागायची, आणि बदकांचं पोट त्या दोन्हींच्या मधल्या डांबरावरून चालायचं.

"मुकादम, ही वाट बंद करताय?" तिनं विचारलं.

"वरचा हुकूम आहे, मावशी. वेग वाढवायचा तर मधली तोंडं बुजवायला लागतात. वळणारा आडवा आला तर एकशे वीसवाला थांबणार कसा?"

"आणि आमची बदकं?"

"पाच किलोमीटरवर पूल आहे. तिथून वळून आणा."

"पाच किलोमीटर डांबरावर? पाय सोलून निघतील त्यांचे."

क्रेनवरचा गडी वरून ओरडला, "मग उजव्या पट्टीनं पळवा की, मावशी! फक्त तिथं शंभरच्या खाली चालायचं नाही. दंड बसतो!"

सातही जण हसले. लामदुआनही हसली. चार माणसं आपल्यावर हसली की आपणही हसावं, म्हणजे ती लवकर थांबतात, हे तिला माहीत होतं.

पहिले दोन-तीन दिवस गाडीवाल्यांचाच विश्वास बसला नाही. पाटीपाशी येऊन ते उलट हळू व्हायचे, कुठं पोलीस दबा धरून बसलाय का बघायचे. मग एक सुटला, त्याच्या मागं दुसरा, आणि आठवडा व्हायच्या आत सगळा रस्ता सुटला. आधी नव्वदच्या पाटीखालून माणसं एकशे दहानं जायची. आता एकशे वीसच्या पाटीखालून एकशे चाळीसनं जाऊ लागली. पाटी पुढं सरकली तशी माणसांची घाई तिच्याही पुढं सरकली. आधी गाडी येताना ऐकू यायची, आता गेल्यावर ऐकू यायची.

आणि थांबणारे गेले. पूर्वी प्रासोपनं लाल फडकं हलवलं की ट्रकवाले लांबूनच गाडी हळू करायचे. कोपर खिडकीबाहेर टाकून म्हणायचे, "काय काका, पलटण निघाली का आज?" मोटारीतल्या बायका फोन काढून फोटो घ्यायच्या. कुणी तिथल्या तिथं खिडकीतून दहा-वीस अंडी घ्यायचं. चार मिनिटांत सगळा कळप चादर ओढावी तसा पलीकडं जायचा. आता प्रासोप नुसता कडेला उभा राहिला तरी हॉर्नचा लोळ अंगावरून जायचा आणि त्याची गवताची टोपी उडायची.

त्यांचा मुलगा नारोंग कामगारांची व्हॅन चालवायचा. पहाटे पाचला गावागावांतून बायामाणसं उचलायची आणि सातच्या पाळीला कारखान्याच्या फाटकात सोडायची. रात्री तो जेवायला बसला तेव्हा लामदुआन म्हणाली, "तुझं तरी बरं झालं. लवकर पोचत असशील."

"कसलं बरं, आई?" त्यानं भातावर माशाचं कालवण ओतलं. "रस्ता वेगाचा झाला म्हणून वीस मिनिटं वाचली. ती काय मला मिळाली? कारखान्यानं आणखी एका गावातली चार माणसं माझ्या फेरीत घातली. व्हॅनला शंभरचीच परवानगी. शंभरनं चाललो तर मागचा दिवे मारतो, शिव्या घालतो. माझ्या गाडीतल्या बायका म्हणतात, हाण ना रे, एक मिनिट उशीर झाला तर महिन्याचा हजेरीभत्ता बुडतो."

"मग तू हाणतोस?"

"सगळेच हाणतात."

 प्रासोप उकडलेल्या अंड्याचं कवच नखानं हळूहळू काढत होता. मुळात बोलणारा माणूस नव्हताच तो. दिवसभर बदकांशी "आ... आ..." एवढंच बोलायचा आणि घरी आल्यावर तेही नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला. अलीकडच्या खाचरांत मालकांनी पाणी सोडलं आणि चिखलणीला ट्रॅक्टर घातले. बदकांना पाय ठेवायला बांध आणि ओढ्याकाठचं गवत एवढंच उरलं. रोजची सहाशे अंडी अडीचशेवर आली. मग बदकं एकमेकांची पिसं उपटायला लागली. पलीकडं मात्र नुकतीच कापणी झालेली चाळीस एकरं उघडी पडली होती. मालकानं निरोप धाडला होता, "शुक्रवारपर्यंत चारा. शनिवारी मी पाणी सोडणार." बदकं वाहणारा दुमजली ट्रक तालुक्यात एकच, आणि तो दुसऱ्या कळपांना घेऊन उत्तरेला गेला होता. आठ दिवस येणार नव्हता.

"मोरीतनं नेऊ," प्रासोप म्हणाला.

रस्त्याखालून कालव्याची मोरी जात होती. दोघांनी दोन दिवस तिच्या तोंडाशी जलपर्णी उपसली. प्रासोप छातीएवढ्या पाण्यात उतरून आतला गाळ आणि बाटल्या काढत होता, लामदुआन काठावरून दाताळ्यानं ओढत होती. संध्याकाळी तो वर आला तेव्हा पोटऱ्यांना जळवा लागल्या होत्या आणि तळहात काचेनं फाटला होता. तिनं मीठ लावून जळवा सोडवल्या. हाताला फडकं बांधलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कळप मोरीकडं हाकला. पुढची बदकं काळोखाच्या तोंडाशी आली आणि थबकली. डोक्यावरून ट्रक गेला. मोरी घुमली. पुढची मागं फिरली, मागची पुढं येतच होती. एकमेकांच्या अंगावर चढून त्यांचा ढीग झाला. प्रासोप पाण्यात उडी घालून दोन्ही हातांनी ढीग फोडायला लागला. सगळं शांत झालं तेव्हा सव्वीस बदकं पाण्यावर उलटी तरंगत होती.

त्यानं ती एकेक उचलून काठावर ओळीनं मांडली. लामदुआनला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "उद्या गुरुवार."

त्या संध्याकाळी त्यानं मुलासमोर तोंड उघडलं. रस्त्यातला एक कठडा अजून बसायचा होता. तिथं दोन हात रुंद फट होती. उजाडताना पलीकडच्या बाजूला शहरातून येणारी गाडी विरळा असते, ती बाजू तो फडक्यानं सांभाळेल. अडचण अलीकडच्या बाजूची. पहाटे सगळं जग तिथूनच शहराकडं धावतं.

"तू व्हॅन आडवी धर. दिवे लुकलुकते ठेव. मोठी गाडी उभी दिसली की मागचे हळू होतील."

"बाबा, वेड लागलंय का? तिथं एकशे वीसनं येतात लोक."

"म्हणून तर तुला म्हणतोय."

"आणि माझी माणसं? सात वाजता फाटक लागतं."

"दहा मिनिटं," लामदुआन म्हणाली. "नुसती दहा मिनिटं, नारोंग. तुला याच अंड्यांवर वाढवलंय."

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं. नारोंगनं ताट बाजूला सारलं. "दहा मिनिटं," तो म्हणाला. "अकरावं नाही."

गुरुवारी पहाटे धुकं होतं. फार दाट नव्हतं, शेतातून उठून रस्त्यावर पसरलेलं, गुडघ्याएवढं. सहाला दहा मिनिटं असताना नारोंगची पांढरी व्हॅन आली, बदकांच्या शंभर पावलं अलीकडं तिरकी उभी राहिली आणि तिचे पिवळे दिवे लुकलुकू लागले. मागून येणाऱ्या दोन गाड्यांनी हॉर्न मारले आणि थांबल्या. तिसरी थांबली. प्रासोप "आ... आ..." करत पुढं निघाला. लामदुआन कळपाच्या शेपटाला होती, हातात खताच्या पिशवीची पट्टी बांधलेला लांब बांबू.

डांबर बदकांनी चटकन ओलांडलं. अडलं ते फटीपाशी. पूर्वी चादरीसारखा जाणारा कळप आता सुईतून दोरा ओवावा तसा जायला लागला. दोन-दोन, तीन-तीन. मागची उरलेली पांढऱ्या पट्ट्यांवर गोळा होऊन माना उंचावून ओरडत राहिली. लामदुआन बांबू आडवा धरून त्यांना दाबत होती. "चल गं बाई, चल. चला गं."

व्हॅनचं सरकतं दार उघडल्याचा आवाज आला. एका बाईचा आवाज आला, "ए नारोंग, किती वेळ? माझा महिन्याचा भत्ता तुझी बदकं देणार का?" मग पुरुषाचा, "जाऊ दे रे, आता थोडीच राहिलीत." मागं थांबलेला एक जण कडेच्या मातीतून गाडी घालून निघून गेला. त्याच्या मागं बाकीचेही एकेक करून निघून गेले.

नारोंगनं खिडकीतून डोकं काढलं. "आई, आटप!"

"झालं! झालं रे! पाच मिनिटं!"

"पाच नाहीत माझ्याकडं! बारा झाली!"

तिनं मागं वळून बघितलं. निम्म्याहून जास्त कळप गेला होता, चारशेक अजून डांबरावर होती. तिनं हात वर करून पंजा दाखवला, थांब म्हणून. तिला त्याचा चेहरा दिसला. लहानपणी शाळेत जायच्या वेळी कालव्यावर म्हैस अडवून बसली की जसा व्हायचा तसा, रडवेला आणि रागावलेला. मग पिवळे दिवे बंद झाले. व्हॅन कडेच्या मातीत उतरून, हळूहळू तिच्या जवळून पुढं गेली आणि रस्त्याला लागली.

मागं रस्ता उघडा पडला.

लामदुआन बांबू टाकून व्हॅन उभी होती त्या बाजूला पळत सुटली. डोक्याचा पंचा सोडून दोन्ही हातांनी हलवत पळाली. धुक्यात दोन दिवे दिसले. ते मोठे झाले नाहीत, एकदम जवळच आले. लहान निळी मोटार होती. टायर किंचाळले. गाडी तिला चुकवून गेली, बदकांना चुकवायला उजवीकडं वळली, आणि कठड्याच्या उघड्या टोकावर जाऊन आदळली.

त्यानंतर बदकांचा आवाज सोडला तर काहीच आवाज नव्हता.

आत एक मुलगी होती, पंचविशीची. तिच्या शेजारच्या आसनावर डब्यात भात होता आणि तो सगळीकडं सांडला होता. प्रासोप रस्ता ओलांडून धावत आला. त्यानं फाटक्या हातानं दार ओढलं, ते उघडलं नाही. तो ओढतच राहिला. फडकं रक्तानं भिजलं तरी ओढत राहिला. शेवटी एका ट्रकवाल्यानं त्याला मागून कवेत घेतलं आणि म्हणाला, "काका, सोडा. सोडा आता."

पोलीस ठाण्यात हवालदार तरुण होता, पण वागायला वाईट नव्हता. त्यानं दोघांना पाणी दिलं. नंतर लिहून घेताना म्हणाला, "काका, सरळ सांगतो. गाडी एकशे पंधराच्या आसपास होती. मर्यादा एकशे वीस. म्हणजे तिची चूक नाही. रस्त्यावर जनावरं आणली ती तुम्ही."

"हो," प्रासोप म्हणाला.

"गाड्या अडवायला, इशारा द्यायला कुणी होतं?"

लामदुआननं नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता.

"कुणी नव्हतं. मी एकट्यानं ठरवलं. बायकोला मीच आणलं. तिला काही माहीत नाही."

"एका ट्रकवाल्यानं सांगितलं की त्यानं लांबून पिवळे दिवे बघितले."

"धुकं होतं," प्रासोप म्हणाला.

हवालदारानं लिहिलं. खटला होणार होता. प्रासोपला अंगठा उठवायचा होता, पण अंगठ्याला बांधलेलं होतं म्हणून त्यानं डाव्या हाताचा दिला.

नारोंगला बातमी कारखान्याच्या फाटकातच कळली होती. तो दुपारी घरी आला आणि ओट्यावर बसून राहिला. लामदुआननं भात वाढला. त्यानं खाल्ला नाही, तिनंही आग्रह केला नाही. व्हॅनमधल्या अकरा माणसांपैकी कुणी बोललं नव्हतं. सगळ्यांनी सहा छपन्नला फाटक ओलांडलं होतं.

"बाबा काय म्हणाले तिथं?" त्यानं विचारलं.

"कुणी नव्हतं म्हणाले."

त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या पहाटे तो पुन्हा व्हॅन घेऊन गेला. लामदुआनला राग यायला हवा होता. पण तिनंच दहा मिनिटं मागितली होती. तेरावं मिनिट कुणाचं होतं, हे ती रात्रभर ठरवत होती आणि तिला ते ठरवता येत नव्हतं.

मुलीचं नाव पात्चारी होतं. रस्त्यालगतच्या एका मोठ्या औषधदुकानात कामाला होती, दुकान उघडायची पाळी तिची होती. आई लहानपणीच गेलेली, घरात फक्त बाप. बापाचं नाव सावेंग. तीस वर्षं मालट्रक चालवून घरी बसलेला माणूस. त्यांच्या गावच्या विहारात पाच दिवस पाठ होता आणि सहाव्या दिवशी दुपारी दहन.

"जायचं," प्रासोप म्हणाला. "मारलं तरी चालेल. जायचं."

दहनाच्या दिवशी सकाळी नारोंगनं त्यांना व्हॅनमधून नेलं. लामदुआननं तीनशे अंडी खारवून टोपल्यांत भरली होती. विहाराच्या मागं स्वयंपाकाच्या मांडवात बाया भाज्या चिरत होत्या. तिनं टोपल्या खाली ठेवल्या आणि हात जोडले. सगळ्यात वयस्क बाईनं विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" लामदुआननं गाव सांगितलं. सुऱ्या थांबल्या.

"ती बदकवाली?"

"हो."

एक तरुण बाई हलक्या आवाजात म्हणाली, "त्याच बदकांची अंडी?" कुणीतरी टोपल्या पायानं सरकवून लाकडाच्या ढिगामागं ठेवल्या. फेकल्या नाहीत, परतही दिल्या नाहीत. लामदुआन तिथंच कोपऱ्यात बसून कांदे सोलायला लागली. तिला कुणी उठ म्हणालं नाही. दीड तास तिनं कांदे सोलले, आणि डोळ्यांतून पाणी यायला ते बरंच झालं.

प्रासोपनं त्या सकाळी डोकं आणि भुवया भादरून मृताला पुण्य लाभावं म्हणून एक दिवस भिक्खू होण्याची दीक्षा मागितली होती. विहाराच्या भंतेंनी सावेंगला विचारलं. सावेंग म्हणाला, "तिला भाऊ नाही. कुणीतरी करायलाच हवं." तेव्हा भगव्या वस्त्रात, बांधलेल्या हातानं, प्रासोप शवपेटीच्या पुढं चालला. पेटीला बांधलेला पांढरा दोरा त्याच्या हातात होता. लामदुआननं इतक्या वर्षांत त्याच्या भुवया नसलेला चेहरा बघितला नव्हता. फार म्हातारा दिसत होता.

धूर निघून लोक पांगल्यावर सावेंग स्वतःहून तिच्याकडं आला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. नारोंग शेजारी मांडवातल्या भाजीच्या रिकाम्या टोपल्या उचलत होता.

"ताई," सावेंग म्हणाला, "एक विचारायचंय. रागावून नाही विचारत."

"विचारा, दादा."

"ट्रकवाले माझ्या ओळखीचे आहेत सगळे. एक जण म्हणतो, तिथं आधी एक गाडी उभी होती. दिवे लावून. आणि मग ती निघून गेली. खरं आहे?"

लामदुआनला वाटलं, टोपल्यांचा आवाज थांबलाय. तिनं तिकडं बघितलं नाही.

"नाही, दादा. कुणी नव्हतं."

सावेंगनं बराच वेळ मान हलवली. "बरं झालं," तो म्हणाला. "मला पाच दिवस तेच डोक्यात होतं. तीस वर्षं मी रस्त्यावर होतो, ताई. मीही घाई केलीय, मीही लोकांना मागं सोडून गेलोय. म्हटलं, कुणी थांबून परत निघून गेला असेल, तर तो काय करत असेल आता? त्याला घास कसा गिळवत असेल? नव्हतं कुणी, हेच बरं." त्यानं तिला हात जोडले. "अंडी आणलीत म्हणे. कशाला त्रास घेतलात?"

तो पायऱ्या चढून आपल्या घराच्या ओट्यावर जाऊन बसला. घर विहाराला लागूनच होतं.

ती व्हॅनमध्ये येऊन बसली. प्रासोप भगवी वस्त्रं उतरवून, आपला जुना सदरा घालून आला. नारोंगनं किल्ली फिरवली. गाडी फुरफुरली. त्यानं ती बंद केली.

"चल रे," प्रासोप म्हणाला. "उद्या पहाटे तुझी माणसं आहेत."

नारोंग उतरला. लामदुआननं त्याची बाही धरायला खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो पुढं गेला होता. त्यानं पायऱ्यांखाली चपला काढल्या, वर गेला आणि म्हाताऱ्यासमोर जमिनीवर गुडघे दुमडून बसला. हात जोडून काही बोलू लागला. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. त्याची पाठ तेवढी दिसत होती, मधेच थांबणारी, मग पुन्हा हलणारी.

"काय सांगतोय तो?" प्रासोपनं विचारलं. त्याला ठाऊक होतं.

"सांगू दे," ती म्हणाली.

बोलणं संपलं असावं. सावेंग हलला नाही. ऊन ओट्यावरून एक हात खाली उतरलं तरी हलला नाही. मग तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि आत गेला. लामदुआनचा हात दाराच्या मुठीवर गेला. आता तो काय घेऊन बाहेर येईल, काठी की कोयता, काही सांगता येत नव्हतं.

तो पाण्याचा पेला घेऊन बाहेर आला. नारोंगच्या पुढ्यात पेला ठेवला. त्याला हात लावला नाही, त्याच्याकडं बघितलंही नाही. पुन्हा आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

नारोंग पेल्यासमोर बसून राहिला. लामदुआन उतरली, पायऱ्यांपाशी गेली, चपला काढल्या आणि वर जाऊन त्याच्या बाजूला बसली.

"पी," ती म्हणाली. "दिलंय तर पी."

त्यानं पेला दोन्ही हातांत उचलला. बंद दाराकडं बघत त्यानं पहिला घोट घेतला.